ओलीसाठी किती द्याल?

सकाळी सात ते साडेआठ या वेळात त्या गल्लीतली माणसं गुडघ्यांपासून वरच असायची. मागच्या पाण्यावरून धुकं उठायचं, कुंपणाच्या तारांतून आत शिरायचं आणि प्रत्येक घराच्या पहिल्या दोन पायऱ्या झाकून निवांत बसून राहायचं. त्या धुक्यातून छातीशी कागदांचा गठ्ठा धरून जी बाई चालत यायची, तिला सगळी गल्ली प्रश्नबाई म्हणायची. नगर कचेरीच्या पाहणी खात्यात तिला बावीस वर्षं झाली होती. घरात नळ किती, कुत्री किती, कामावर बसनं जाता की चालत, जिन्यात दिवा पुरतो का, असलं सगळं दारोदार विचारून तिनं लोकांना भंडावून सोडलं होतं. तरी लोक तिला आत बोलवायचे, खुर्ची पुढे करायचे. कारण ती मन लावून ऐकायची आणि मधे तोंड घालायची नाही.

एक खोड मात्र होती तिला. ऐकता ऐकता तिची तंद्री लागायची. काठावर बसून पाण्यात पाय सोडावेत, तशी ती समोरच्याच्या बोलण्यात पाय सोडून बसायची. कागदावर लिहायचं ते हात आपोआप लिहायचा, आणि बाई कुठल्या कुठे पोचलेली असायची.

या खेपेचा प्रश्न त्या मागच्या पाण्याबद्दलच होता. गुडघाभर पाणी, त्यात पुरुषभर उंच गवत, गवतात न दिसणारे आणि दिवसभर बोलणारे पक्षी. ते बुजवून तिथे बसगाड्यांचा तळ करायचा की तसंच राहू द्यायचं, हे तीन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. त्याआधी लोकांना विचारा, असं वरून आलं. घरटी सरासरी दोनशेच्या वर गेली तर पाणी राहील. खाली आली तर बुजेल. छापलेला प्रश्न असा होता: ‘आपल्या परिसरातील पाणथळ क्षेत्राच्या संवर्धनासाठी आपले कुटुंब प्रतिवर्षी किती रक्कम देण्यास इच्छुक आहे?’

हे वाक्य पहिल्याच दारात तिनं वाचून दाखवलं, तेव्हा दार उघडणारा शिंपी म्हणाला, “बाई, माझ्याशी माणसासारखं बोला की.”

खरंच होतं त्याचं. बाईनं कागद खाली केला आणि सरळ विचारलं, “अहो, ओलीसाठी वर्षाला किती द्याल?”

तिच्या घरात त्या पाण्याला ओल म्हणत. तिचे बाबा नकाशे काढायच्या कचेरीत होते. नकाशात असल्या जागी निळे ठिपके देऊन मधे बारीक अक्षरात ‘ओल’ लिहायची तिथली पद्धत होती, लांबलचक शब्दाला जागाच नसायची. तोच शब्द बाबांनी घरी आणला. ‘ओलीवर जाऊन येतो’, ‘आज ओलीत बगळे उतरलेत’, असं ऐकतच ती लहानाची मोठी झाली. आपल्या घरातले काही शब्द फक्त आपल्याच घरात चालतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि कोण सांगणार? असं कोणी कोणाला सांगत नाही.

हा प्रश्न तिच्या जिवाशी येऊन भिडला होता, त्याचंही कारण बाबाच. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून बाबा घरात बोलेनासे झाले. रागावले नव्हते, रुसले नव्हते. जेवायचे, कपड्यांच्या घड्या करायचे, कुंड्यांना पाणी घालायचे. पण शब्द नाही. फार तर एक ‘हं’. डॉक्टर झाले, मावशी येऊन रडून गेली, काही उपयोग नाही. मात्र रोज सकाळी ते ओलीवर जायचे, पलीकडच्या काठाला एका सपाट दगडावर बसायचे, आणि तिथे त्यांना वाचा फुटायची. शेजारी जाऊन बसलं की पाण्याकडे बघत म्हणायचे, “परवाच्या भाजीत मीठ कमी होतं.” किंवा, “न्हाणीघराचा नळ गळतोय, बघायला हवं.” परवाचं उत्तर आज मिळायचं. पण आवाज तोच होता, लहानपणी तिला रेघ कशी मारायची ते शिकवणारा. धुक्यात तो ऐकत बसलं की बाईला वाटायचं, घर इथेच आहे आणि तिकडे गल्लीत आहे ती नुसती भिंतींची बांधणी. पाणी बुजलं की बाबांचा आवाज गेला. इतकं साधं होतं ते.

म्हणून शिंप्यानं जे उत्तर दिलं त्यानं तिला भरून आलं. तो जराही विचार न करता म्हणाला, “पाचशे लिहा. माझ्या लग्नापासून आहे ती या घरात. कपड्यांनासुद्धा तिचा वास येतो.”

घरात. किती छान म्हणाला, असं तिच्या मनात आलं. धुकं येतंच की घरात.

पुढच्या घरी दातांच्या डॉक्टरांची बायको होती. ती बाईला हाताला धरून आत घेऊन गेली. “आमच्या तर झोपायच्या खोलीपर्यंत आलीय. डोळे मिटले की उशाशी जाणवते, गार गार. चारशे देऊ आम्ही. पाचशे लिहा हवं तर.” वरच्या मजल्यावरच्या, एकाच घरात दिलेल्या दोघी बहिणी म्हणाल्या, “सासूबाई गेल्या, सासरे गेले, पण ही आहे तिथेच आहे.” बेकरीवाला म्हणाला, “साडेतीनशे देतो, पण एकदाच काय ते नीट करा. पुन्हा पुन्हा यायला नको.” बाईनं मान डोलावली. बुजवणारे ट्रक पुन्हा पुन्हा यायला नकोत, बरोबरच आहे. तिनं साडेतीनशे लिहिले.

असे पंधरा दिवस गेले. ती दारं वाजवायची, माणसं बोलायची, आणि तिच्या डोळ्यांसमोर सगळ्या घरांतून ते पाणी हळूहळू वाहायचं: जिन्यावरून, पलंगांखालून, शिवणाच्या मशिनभोवती. माणसं त्यात पाय सोडून बसलेली. बावीस वर्षांत इतकं प्रेम तिनं कागदावर उतरवलं नव्हतं. शेवटचा, सत्तरावा कागद तिच्या स्वतःच्या घराचा होता. तो तिनं कचेरीतच भरला, कुटुंबप्रमुख म्हणून बाबांचं नाव, रक्कम पाचशे. ते कुठे बोलणार होते, म्हणून विचारलं नाही.

साहेबांनी सरासरी काढली. चारशे दहा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बाई, लोक आपल्यापेक्षा शहाणे निघाले हो! मला तर वाटलं होतं, पंचवीससुद्धा सुटणार नाहीत.” बाईला आभाळ ठेंगणं झालं. मंगळवार होता तो. घरी जाताना ती वाटेत दोनदा स्वतःशीच हसली.

गल्लीच्या तोंडाशी गवंडी उभा होता. भिंती खरवडणं, गिलावा करणं, हेच त्याचं काम; आसपासच्या चारही गल्ल्या त्याच्याकडे. त्यानं तिला थांबवलं.

“बाई, तुमचं माझं काही वाकडं आहे का?”

“नाही बुवा. का?”

“मग माझ्या पोटावर पाय का देताय? पंधरा दिवस झाले, एक माणूस भिंतीला हात लावू देत नाही. शिंप्याला म्हटलं, मागची भिंत पार फुगलीय, करून टाकू. तर म्हणतो, थांब रे, कचेरीतनं येणारेत ओल घालवायला, पाचशे ठरलेत. दातांचे डॉक्टर तेच म्हणतात. बेकरीवाला तेच. आता कचेरी भिंतीपण करायला लागली?”

 प्रश्नबाई तिथल्याच पायरीवर बसली. पंधरा दिवस कानाशी गुणगुणत असलेली सगळी वाक्यं एकेक करून परत आली आणि या वेळी धड ऐकू आली. कपड्यांना वास येतो. झोपायच्या खोलीपर्यंत आलीय. पुन्हा पुन्हा यायला नको. एकोणसत्तर घरांनी जीव तोडून सांगितलं होतं, ते भिंतीवरच्या ओलीबद्दल. आणि ती वाचवायला नव्हे, घालवायला.

“काय झालं बाई? पाणी देऊ?” गवंडी घाबरला.

“नको,” ती म्हणाली. “पाणी नको.”

तिनं सांगितलं नसतं, तर कोणाला काही कळलं नसतं. गवंड्याची समजूत दोन शब्दांत निघाली असती. साहेब खूश होते, सोमवारी पाणी वाचलं असतं, आणि बाबा दगडावर बसून मिठाबद्दल बोलत राहिले असते. लोकांना पावत्या गेल्या असत्या तेव्हा बोंबाबोंब झाली असती, पण तोवर बैठक होऊन गेली असती. मूग गिळून गप्प बसायचं, एवढंच काम होतं. बावीस वर्षांत तिनं एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. आणि हा तर तिनं केलाही नव्हता, आपोआप झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओलीवर गेली. बाबांच्या शेजारी बसून तिनं सगळं सांगितलं. धुकं इतकं दाट होतं की बाबांचा फक्त कान आणि एक खांदा दिसत होता. शब्दाचा घोटाळा ऐकून तो खांदा हलला. हसत होते ते.

“चूक झाली ना?” बाबा म्हणाले. “मग खोडायचं आणि पुन्हा काढायचं. त्याला काय एवढं.”

“ओल गेली तर?”

 एक बगळा धुक्यातून निघून धुक्यात गेला. मग ते म्हणाले, “काल खिडकीतून दिसलीस, लांबून हसत येत होतीस. बरं वाटलं.” बाई उठली आणि थेट कचेरीत गेली.

साहेबांनी डोक्याला हात लावला. “अहो, बावीस वर्षं! नवख्या पोरीनं केलं असतं तर एक वेळ...” मग त्यांनाही हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं. “शनिवारी दुपारी बारापर्यंत सत्तरच्या सत्तर कागद नव्यानं. आणि छापलंय तेच विचारा. आणि हे बघा, शून्य म्हणाला कोणी, तर खाली ‘शून्याचे कारण’ अशी ओळ आहे, ती भरायची. वाचत नाही कोणी, पण भरायची.”

ती पुन्हा निघाली. या वेळी तिनं तंद्री लागू दिली नाही. प्रत्येक दारात मागच्या बाजूला हात करून ती स्पष्ट सांगायची: ते तिथलं पाणी, ते गवत, ते पक्षी, ते आहे तसं ठेवायला. शिंपी आधी दुखावला, मग लाजला. “हात्तिच्या! त्या डबक्याला? पाचशे?” त्यानं सुईत दोरा ओवला, पुन्हा काढला. “दहा लिहा. तुम्ही दोनदा आलात म्हणून.” डॉक्टरांची बायको म्हणाली, “डास आमचे, वास आमचा, आणि वर पैसेही आम्हीच द्यायचे?” पण थोडी थांबून तिनं पन्नास सांगितले, कारण पहाटे खिडकीतून दिसतं ते बरं दिसतं. बेकरीवाल्याला तळ हवा होता; बसगाड्या आल्या की चालक येतील, चालक आले की पाव खपेल. त्याचं शून्य त्यानं ठासून सांगितलं आणि बाईच्या हातात एक गरम पाव ठेवला. दोघी बहिणींचं जमेना. एक शंभर म्हणे, एक काहीच नाही म्हणे. शेवटी पन्नास झाले. सगळ्यांत जास्त कोणी दिले असतील, तर गवंड्यानं.

“तीनशे,” तो म्हणाला.

“तीनशे?”

“त्या पाण्यामुळेच तर भिंतींना ओल येते, बाई. ते बुजलं तर मी खाणार काय?”

आणि तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे मास्तर होते, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या उशाशी खिडकी, खिडकीत ते सगळं पाणी. “शून्य,” ते म्हणाले. “कारण लिहा. मी दिवसभर बघतो ते. कोणाची परवानगी घेतली नाही अजून, आता पैसे देऊन घेऊ?” बाईनं शब्द न् शब्द लिहिला. एका ओळीत मावेना, म्हणून समासात लिहिला. तिच्या लक्षात आलं, शून्य शून्य सारखं नसतं. बेकरीवाल्याचं वेगळं होतं, हे वेगळं होतं, आणि सरासरीत दोन्ही एकच होणार होती.

सोमवारी काय झालं ते आताच सांगून टाकावं, म्हणजे मधेच कोणी विचारायला नको. सरासरी आली नव्वदच्या आसपास. बैठकीत घोटाळ्याची हकीकत ऐकून मंडळी पोट धरधरून हसली, आणि हसून झाल्यावर माणसं जरा मऊ होतात तशी मऊ झाली. रस्त्याकडचा अर्धा भाग बुजवायचा, पलीकडचा अर्धा ठेवायचा आणि पाच वर्षांनी लोकांना पुन्हा विचारायचं, असं ठरलं. अर्ध्या पाण्यावर किती पक्षी राहतील, हे कोणालाच सांगता आलं नाही. पण ही झाली सोमवारची गोष्ट. गोष्ट खरी घडली ती शनिवारी सकाळी दहा वाजता, स्वयंपाकघरात.

एकोणसत्तर कागद झाले होते. सत्तरावा कोरा होता. बाबा चहाचा कप दोन्ही हातांत धरून टेबलाशी बसले होते, आणि बाई समोर बसली. या वेळी स्वतःच पाचशे लिहून टाकायला तिचं मन धजेना. तिनं कागद सरळ केला आणि परक्या घरात वाचावं तसं वाचलं: “आपल्या परिसरातील पाणथळ क्षेत्राच्या संवर्धनासाठी आपले कुटुंब प्रतिवर्षी किती रक्कम देण्यास इच्छुक आहे?” उत्तराची अपेक्षा नव्हतीच. दोन मिनिटं थांबायचं, असा नियम होता, म्हणून ती थांबली.

“शून्य,” बाबा म्हणाले.

घरात म्हणाले. दोन वर्षांनी. बाईच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिला आनंदही झाला आणि रागही आला, दोन्ही एकदम. जो माणूस जगतो त्या काठावर, तो शून्य म्हणतो? पण बावीस वर्षांची सवय. तिच्या तोंडून पुढचाच प्रश्न गेला. “शून्याचं कारण?”

बाबांनी कप खाली ठेवला.

“दवाखान्यात तुझ्या आईच्या वेळी, पैसे भरायच्या खिडकीतल्या माणसानं असंच विचारलं होतं,” ते म्हणाले. आवाज खरखरीत, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या कपाटाच्या दारासारखा. “आत्ता किती देऊ शकाल? चांगला होता तो, हळू विचारलं त्यानं. आणि मी आकडा सांगितला. खिशात जास्त होते, ग. दुपटीनं होते. पण बाजारात सांगतो तसा सवयीनं कमी सांगितला. म्हटलं, बघू, वाढवू लागलं तर. तिसऱ्या दिवशी ती गेली.” त्यांनी कप बाजूला सारला. “त्या पैशांत काय राहिलं, कुठलं औषध राहिलं, मला माहीत नाही. घरात तोंड उघडलं की तोच आकडा बाहेर पडेल असं वाटायचं. तिच्या घरात. तिकडे पाण्यावर नाही वाटत तसं.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. सगळ्या शहराला प्रश्न विचारत फिरणारी ती. कुत्री किती, नळ किती. आणि या एका माणसाला, रोज ताट वाढून समोर बसताना, तुम्ही का बोलत नाही, एवढं एकदाही तिनं विचारलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, मावशीला विचारलं. त्यांना नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “त्याच दिवशी दुपारी मी भरले होते बाकीचे. सगळे. तुम्ही खाली चहाला गेला होतात तेव्हा. तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून बोलले नाही. आईचं एकही औषध राहिलं नाही. एकही नाही, बाबा. डॉक्टरांनी सगळं केलं आणि तरी ती गेली.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नकाशातली रेघ तपासताना बघायचे तसं, अगदी जवळून, बराच वेळ.

“सगळे भरलेस?”

“सगळे.”

“मला सांगायचं नाही होय, ग?”

“तुम्ही विचारायचं नाही होय?”

मग ते रडले, आणि तीही रडली. दोघांनी एकाच टॉवेलनं तोंड पुसलं. चहा गार झाला होता, तो कोणी प्यायलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते आणि कागद बारापर्यंत पोचायचे होते. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

“पुन्हा विचार.”

“काय?”

“तोच प्रश्न. नीट विचार.”

तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. “बाबा, ओलीसाठी किती द्याल?”

बाबा उठले, खुंटीवरचा सदरा काढून घेऊन आले, आणि त्याचा खिसा टेबलावर उलटा केला. दोन नोटा, काही नाणी. एक नाणं घरंगळत टेबलाखाली गेलं, तर ते वाकून, धापा टाकत, शोधून घेऊन आले आणि बाकीच्यांत ठेवलं.

“आहेत तेवढे सगळे,” ते म्हणाले. “मोज आणि लिही.”